स्वतःचाच दात, काचतंतूंवर टांगलेला: एका बिनधातूच्या ब्रिजचं प्रकरण

पेशंट सोळा वर्षांची, सोबत आई. तक्रार एका वाक्याची. "डॉक्टर, माझा हा दात वर चाललाय."

दात वर चालला नव्हता. तो चार वर्षं आहे तिथेच थांबला होता आणि शेजारचे दात खाली उतरत होते. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर फिरले, म्हणून ती आधी नीट सांगतो.

मुलगी बाराव्या वर्षी सायकलवरून तोंडावर पडली. वरच्या जबड्यातला उजवा मधला पटाशीचा दात (आमच्या क्रमांकपद्धतीत ११) मुळासकट बाहेर आला. कुणीतरी तो शोधून कोरड्या रुमालात गुंडाळला आणि दवाखान्यात पोहोचायला दीड तास गेला. तिथल्या डॉक्टरांनी दात परत खाचेत बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधून स्थिर केला, नंतर रूट कॅनाल केलं. त्यांनी जे करायचं ते बरोबर केलं. घोटाळा रुमालात झाला. मुळाभोवती जिवंत पेशींचा पातळ थर असतो, दाताला हाडाशी जोडणारे धागे त्याच सांभाळतात. कोरड्यात तासाभरात त्या मरतात. दुधात ठेवला असता तर त्या काही तास तग धरू शकल्या असत्या. (पडलेला दात धुवायचा तर पाण्याखाली क्षणभर, मुळाला न घासता; मग जमलं तर जागच्या जागी परत बसवायचा, नाहीतर दुधात टाकून निघायचं. हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं.)

हा थर मेला की हाड मुळाला स्वतःचाच जुना भाग समजतं. हाड रोज थोडं झिजतं आणि थोडं नव्याने बनतं, तसंच मूळही हळूहळू झिजतं आणि त्याच्या जागी हाड बनत जातं. याला अँकिलोसिस म्हणतात, दात हाडात चिकटणं. मोठ्या माणसात असा चिकटलेला दात वर्षानुवर्षं विनातक्रार चालतो. वाढत्या वयात जबडा वाढतो, बाकीचे दात आपल्या भोवतालचं हाड आणि हिरडी घेऊन खाली येतात, चिकटलेला दात मात्र भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा जागेवर राहतो.

तपासणीत सगळं जुळत होतं. आरशाच्या दांड्याने ठोकलं की शेजारचे दात "थप्प" वाजायचे, हा "टण्ण". बोटाने हलवला तर तसूभरही हलत नव्हता. एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची बारीक काळी रेघ पुसली गेली होती आणि मुळाचा निम्म्याहून जास्त भाग हाडात विरघळला होता. कड शेजारच्या दातापेक्षा ३ मिलिमीटर वर, हिरडीही तेवढीच वर. शेजारचे दोन्ही दात, म्हणजे १२ आणि २१, पूर्ण निरोगी. त्यांत एकही फिलिंग नाही. चावा खोल: तोंड मिटलं की खालच्या पटाशीच्या दातांचा अर्ध्याहून जास्त भाग वरच्यांच्या आड जायचा. त्या चाव्याकडे मी तेव्हा पाहिलं, नोंदही केली, पण पुरेसा विचार केला नाही. ते पुढे येईलच.

"कायमचं" हा शब्द

आईंचं म्हणणं साधं होतं. चार वर्षं दवाखान्यांच्या खेपा झाल्या. "आता एकदाच कायमचं काहीतरी करून टाका."

त्यांच्या डोक्यात इम्प्लांट होतं आणि त्यांना तसं वाटणं स्वाभाविकही होतं. पण इम्प्लांट म्हणजे हाडात घट्ट बसलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्याभोवतीही जिवंत पेशींचा तो थर नसतो. म्हणजे ज्या कारणाने मुलीचा हा दात मागे राहिला, त्याच कारणाने इम्प्लांटही मागे राहील. सोळाव्या वर्षी बसवलेलं इम्प्लांट पंचविशीत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागेल, आणि ते काढणं हे दात काढण्याइतकं सोपं नाही. मी आईंना एक्स-रे दाखवून म्हटलं, "तुम्ही मागताय ते म्हणजे याच दाताची महागडी नक्कल." त्या हसल्या नाहीत, पण पटलं.

दुसरा नेहमीचा पर्याय शेजारच्या दोन दातांना घासून तीन कॅपचा ब्रिज, म्हणजे शेजाऱ्यांच्या आधारावर रिकाम्या जागी टांगलेला दात. सोळाव्या वर्षी दाताच्या आतली नस मोठी असते. कॅपसाठी दात चारही बाजूंनी तासताना ती दुखावण्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त. शिवाय दोन अखंड दात एका हरवलेल्या दाताच्या पायी कायमचे कापायचे, हे मला कोणत्याही वयात जड जातं. काढता-घालता येणारी प्लेट तिने आधीच नाकारली होती. शाळेत जेवताना ती हातरुमालात गुंडाळून ठेवावी लागते, आणि पुन्हा रुमाल नको असं ती म्हणाली.

उरला चिकटवलेला ब्रिज: शेजारच्या दातांच्या मागे पातळ पंख चिकटवायचे आणि त्यांच्यामध्ये एक दात टांगायचा. या कल्पनेचा इतिहास छोटा पण मजेदार आहे. १९५५ साली ब्युओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण कवच) खरखरीत केलं तर रेझिन (प्लास्टिकसारखं पातळ, नंतर घट्ट होणारं) त्यात रुतून बसतं. १९७३ मध्ये रोशेट यांनी भोकं पाडलेली धातूची पट्टी दातांच्या मागे चिकटवली, हलणारे दात एकत्र बांधायला. काही वर्षांतच हाऊ आणि डेनेही यांनी तीच युक्ती हरवलेला दात टांगायला वापरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरिलँड विद्यापीठात लिव्हाडायटिस आणि थॉम्प्सन यांनी धातूच्या आतल्या बाजूलाच विजेच्या साहाय्याने खरखरीतपणा आणला, म्हणून आजही अशा ब्रिजला "मेरिलँड" म्हणतात. काचतंतूंचे ब्रिज या वंशातले धाकटे. १९९० नंतर ते नीट उभे राहिले, आणि त्यातला बराच मूळ अभ्यास फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात पेक्का व्हालित्तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला.

धातू का नको, याची दोन कारणं होती. मुलीच्या कानाची पाळी स्वस्त कानातल्यांनी सुजते, खाजते. ही बहुधा निकेलची ॲलर्जी, आणि मेरिलँड ब्रिजचा धातू बहुतेकदा निकेल-क्रोमियमचा असतो. पण खरं सांगायचं तर हे कारण दुय्यम. निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोमियम मिळतो. मोठं कारण रंगाचं: कोवळ्या वयात पटाशीच्या दाताची कड जवळजवळ पारदर्शक असते, मागे धातू आला की ती करडी पडते. म्हणजे हरवलेला दात बरा दिसतो आणि शेजारचा चांगला दात आजारी दिसायला लागतो.

झिर्कोनियाचा (पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकचा) एकाच पंखाचा ब्रिज हा खरा प्रतिस्पर्धी होता. त्याचे निकाल उत्तम आहेत, आणि आज एखाद्या पंचविशीतल्या पेशंटला मी तोच आधी सुचवेन. इथे आड आल्या दोन गोष्टी. वाढ संपेपर्यंत या दातात कुठे ना कुठे फेरफार करावे लागणार होते, आणि झिर्कोनियात तोंडात बसून भर घालता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त मोहाची होती: टांगायला मुलीचा स्वतःचाच दात हाताशी होता.

मूळ ठेवायचं, माथा घ्यायचा

चिकटलेला दात उपटायला गेलं तर सोबत पुढचं पातळ हाडही निघतं आणि तिथे खड्डा पडतो. त्यावर १९८४ साली स्वीडनमधल्या माल्मग्रेन आणि सहकाऱ्यांनी एक शहाणा उपाय मांडला, डिकोरोनेशन. दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग, म्हणजे माथा, कापून काढायचा, मूळ हाडाच्या पातळीखाली थोडं खोल नेऊन तिथेच सोडायचं, त्यातलं जुनं रूट कॅनालचं भरण काढायचं आणि रक्त भरू द्यायचं. मूळ हळूहळू हाडात बदलतं, हाडाची रुंदी टिकते, आणि शेजारचे दात उतरताना त्यावर थोडं नवं हाडही चढतं. पुढे कधी इम्प्लांट करायचं ठरलं तर जागा तयार.

हे आम्ही केलं. कापताना हिरडीच्या जरा आतून कापलं, म्हणजे माथ्याला मुळाचा २-३ मिलिमीटर तुकडा जोडलेला राहिला. दात खाली सरकवून शेजाऱ्यांच्या रांगेत आणायचा होता, तेव्हा वर हिरडीकडे तेवढीच फट पडणार. हा तुकडा ती भरून काढणार होता.

त्याच दिवशी दात चिकटवावा, असा मोह होतोच. पेशंट फटीशिवाय घरी जाते, सगळे खूश. पण हिरडीला टाके, भोवती रक्त, आणि आपण ज्या गोंदावर सगळा डोलारा उभा करणार त्याला ओलावा अजिबात चालत नाही. मी दहा दिवस थांबलो. तेवढे दिवस तिने पारदर्शक पातळ ट्रे वापरला, त्यात त्या जागी पांढरं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, रेझिनचं भरण) भरलेलं. तिचा दात सलाइनमध्ये, फ्रिजमध्ये. कोरडा ठेवला तर तो खडूसारखा ठिसूळ होतो. दुसऱ्यांदा तीच चूक नको.

दहा दिवसांत दातावर काम केलं. आतली पोकळी साफ करून पांढऱ्या अपारदर्शक कॉम्पोझिटने भरली. रूट कॅनालने आलेला पिवळसरपणा त्यानेच बराचसा झाकला. ब्लीच करावं असं मनात होतं, पण ब्लीचनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि चिकटवण्याच्या आधी तो धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. मुळाकडचं टोक कॉम्पोझिटने झाकून अंड्याच्या बुडासारखं गुळगुळीत गोल केलं, म्हणजे हिरडीवर नुसतं टेकेल आणि खालून दोरा फिरेल. मागच्या बाजूला आडवी खाच घेतली, तंतू बसायला.

तंतू काय करतात

कॉम्पोझिट दाबाला चांगलं असतं, ताणाला कच्चं. काँक्रीटचंही तेच. स्लॅबमध्ये सळई घालतात ती ताण येतो त्या बाजूला. वरच्या अंगाला घातली तर लोखंड वाया गेलं आणि स्लॅबही. दातांच्या ब्रिजमध्ये काचतंतू हीच सळई. मी वापरतो त्या जुडीत सुमारे ४,००० काचतंतू असतात, प्रत्येक केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि सगळे एकाच दिशेने. दिशा महत्त्वाची. सगळे तंतू एकाच दिशेला असतील तर त्या दिशेत पूर्ण जोर मिळतो. आडवे-उभे विणले तर प्रत्येक दिशेला निम्मा. कसेही विखुरले तर जेमतेम एक-पंचमांश. म्हणून लांबट ब्रिजसाठी सरळ जुडी, आणि हलणारे दात बांधायला किंवा चीर थांबवायला विणलेली पट्टी.

काच रेझिनला आपणहून चिकटत नाही. कारखान्यातच तंतूंवर सायलेनचा थर देतात, तो एका हाताने काचेला आणि दुसऱ्या हाताने रेझिनला धरतो. तंतू रेझिनमध्ये पूर्ण भिजलेले असणं हे सर्वांत निर्णायक. मध्ये कोरडी जागा राहिली तर तिथे हवा, मग पाणी, मग रंग बदलणं आणि शेवटी तुटणं. जुन्या काळी दवाखान्यातच कोरड्या पट्टीवर रेझिन चोळायचे आणि तिथेच बरेचसे ब्रिज हरायचे. आता जुडी आधीच भिजवलेली येते, फ्रिजमध्ये आणि अंधारात ठेवायची, कारण दवाखान्यातला दिवाही तिला घट्ट करतो.

आणखी एक आकडा सांगतो, कारण लोक विचारतात, "काच धातूइतकी मजबूत कशी?" एवढी ताठ ती नाहीच. वाकायला विरोध करण्याच्या मोजमापात निकेल-क्रोमियम आणि झिर्कोनिया दोन्ही साधारण २०० गिगापास्कलच्या आसपास असतात. एकदिशी काचतंतूंचं रेझिन २० ते ३०, आणि दाताच्या आतलं डेन्टिन १८ च्या आसपास. म्हणजे हा ब्रिज धातूपेक्षा खूप लवचिक, दाताच्या जवळचा. चावताना प्रत्येक दात आपापल्या जागी किंचित हलतो. ताठ पंख तो हलवू देत नाही आणि गोंदावर ताण येतो, लवचिक पंख थोडा सोबत वाकतो. त्याची किंमतही आहे. आतला सांगाडा वाकतो तेव्हा वरचं कॉम्पोझिट तडकू शकतं, म्हणून तंतूंची जाडी आणि वरचं झाकण दोन्ही पुरेसं हवं. जागा कमी असेल तर या पदार्थाचा सगळा गुण निकामी होतो. नेमकं हेच माझ्या हातून झालं.

चिकटवण्याचा दिवस

रबर डॅम (दातांभोवती ताणून बसवायची रबराची पातळ चादर, ओलावा अडवायला) सुळ्यापासून सुळ्यापर्यंत. त्याशिवाय हे काम करू नये, हे मी फार ठामपणे सांगतो. श्वासातली वाफसुद्धा बाधते. फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने १२ आणि २१ च्या मागच्या बाजू घासल्या. ड्रिल लावला नाही, एनॅमलचा कणही काढला नाही. न कापलेल्या कोवळ्या एनॅमलचा वरचा थर ॲसिडला जरा दाद देत नाही, म्हणून ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड नेहमीपेक्षा जास्त, ४५ सेकंद ठेवलं. धुऊन वाळवल्यावर पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला, तेव्हा पुढे गेलो.

दात कुठे बसवायचा ते आधी प्लास्टरच्या साच्यावर ठरवून पुट्टीचा ठसा करून ठेवला होता. त्यात दात धरून रांगेत आणला. तंतूंची लांबी दोऱ्याने मोजली: १२ च्या मागच्या मध्यापासून, खाचेतून, २१ च्या मागच्या मध्यापर्यंत. दोन्ही दातांवर बाँडिंग (चिकटवणाऱ्या रेझिनचा पातळ हात), मग पातळ कॉम्पोझिटचा थर, त्यावर जुडी दाबून बसवली, हिरडीपासून दूर, म्हणजे स्वच्छता करता येईल. एका टोकाला प्रकाश देताना दुसऱ्या टोकावर सिलिकोनची सावली धरली, नाहीतर बसवायच्या आधीच तंतू कडक होतात. शेवटी सगळीकडून पूर्ण प्रकाश आणि वरून कॉम्पोझिटचं झाकण.

चावा तपासला. निळा कागद ठेवून "टक टक कर" म्हटलं, तिने केलं, जिथे खूण जास्त आली तिथे थोडं घासलं. पुन्हा टक टक. ठीक.

आरसा दिल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हा माझाच आहे ना?"

चौदा महिन्यांनी

फोन आईंचा आला. "तिला जिभेला काहीतरी टोचतंय, केसासारखं."

टोचत होते ते तंतू. १२ वरच्या पंखाचं झाकण झिजून पांढरे तंतू उघडे पडले होते आणि त्या पंखाची बाहेरची कड एनॅमलपासून किंचित सुटली होती. २१ कडे सगळं जसंच्या तसं. दात हलत नव्हता.

कारण शोधायला वेळ लागला नाही, लाज मात्र वाटली. निळा कागद ठेवून या वेळी तिला खालचा जबडा उजवीकडे सरकवायला सांगितलं. खालच्या सुळ्याचं टोक थेट पंखावरून घासत गेलं आणि पंखाच्या बाहेर १२ च्या उघड्या एनॅमलवर टेकलं. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या: वरचं झाकण झिजत होतं, आणि सुळा १२ ला बाहेर ढकलताना पंखातून सोलून काढत होता. पहिल्या दिवशी मी फक्त टक टक करायला लावलं. सरकवायला लावलं असतं तर हे तेव्हाच दिसलं असतं. खोल चावा मी नोंदवला होता. पण खोल चाव्यात खरा धोका बाजूला सरकताना असतो, तो तपासला नाही.

अर्धवट सुटलेला पंख हा पूर्ण सुटलेल्यापेक्षा घातक. पूर्ण सुटला तर पेशंट धावत येतो. एक पंख सुटून दुसरा धरून राहिला तर ब्रिज जागेवरच असतो, आणि सुटलेल्या पंखाखाली अन्न अडकून महिनोन्महिने दात किडत राहतो. धातूच्या दोन पंखांच्या ब्रिजनी हा धडा खूप दातांच्या किमतीवर शिकवला, आणि एकाच पंखाच्या रचनेकडे लोक वळले ते मुख्यतः त्यामुळे. सुदैवाने इथे तंतू टोचले म्हणून लवकर कळलं. सुटलेला भाग काढून वाळवून पाहिलं: एनॅमल चमकदार, कुठेही खडूसारखा पांढरा डाग नाही.

इथे एक खरा प्रश्न होता. १२ चा पंख कापून टाकायचा आणि ब्रिज २१ च्या एका पंखावर ठेवायचा का? त्यात तथ्य होतं. दोन वेगवेगळ्या हलणाऱ्या दातांना बांधण्याची कटकट संपते, शिवाय हा ब्रिज जबड्याच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जोडत होता, ते वाढत्या वयात आदर्श नव्हे. (सोळाव्या वर्षी रुंदीतली वाढ बहुतेक झालेली असते, म्हणून मी ते चालवून घेतलं होतं. बारा वर्षांच्या मुलीत चालवून घेतलं नसतं.) पण दात नैसर्गिक आकाराचा, मुळाचा तुकडा जोडलेला, आणि चावा खोल. एका पंखावर तो वळवणारा ताण येईल अशी भीती वाटली. मी दोन पंख ठेवले. आज नव्याने सुरुवात केली असती तर कदाचित एकच ठेवला असता. हे मान्य करून पुढे जातो.

दुरुस्ती एका बैठकीत झाली. १२ वरचा पंख पूर्ण काढला, मधल्या दाताच्या खाचेतल्या जुन्या तंतूंवर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग उघडा केला, त्यावर सायलेन आणि रेझिन. त्यावर नवी आखूड जुडी, जुन्या तंतूंवर चांगली चढलेली, आणि १२ च्या मागे या वेळी जास्त रुंद पसरवलेली, म्हणजे सुळा जिथे टेकत होता तो भागही पंखाच्या आत आला. आता सुळा ढकलेल तर पंखालाच ढकलेल, पंखाशेजारच्या दाताला नाही. झाकणाला जागा मिळावी म्हणून खालच्या सुळ्याचं टोकदार शिखर एनॅमलमध्येच जरासं गोल केलं. मग टक टक, उजवीकडे, डावीकडे, पुढे, आणि पुन्हा चघळल्यासारखं करून बघ. कागद तीन वेळा बदलला.

हेच धातूचं किंवा झिर्कोनियाचं असतं तर? पंखाची जाडी वाढवायला, आकार बदलायला लॅबला परत पाठवणं, बहुधा नवा ब्रिज. इथे जुन्या कामाच्या अंगावरच नवं काम चढवता आलं. तंतूंच्या ब्रिजचं कौतुक करताना लोक "मजबूत" म्हणतात, मला ते पटत नाही. तो धातूपेक्षा लवकर झिजतो, चहा-कॉफीने डागाळतो, वर्षाकाठी पॉलिश मागतो. मला तो आवडतो, कारण बिघडला तरी खुर्चीवरच सुधारता येतो, आणि काढायचा म्हटलं तर खाली दात अखंड सापडतो.

आकड्यांत काय दिसतं, हे आईंनीही विचारलं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात तंतूंचे ब्रिज साडेचार वर्षांनी सुमारे ७३ टक्के टिकलेले दिसले. २०१७ च्या दुसऱ्या आढाव्यात साधारण तेवढ्याच काळाला तो आकडा ९४ टक्क्यांच्या घरात. एवढी तफावत फक्त पदार्थ सुधारल्यामुळे आली असं मी मानत नाही. "अपयश" कशाला म्हणायचं यावर खूप अवलंबून असतं. वर सांगितल्यासारखा बिघडून एका बैठकीत दुरुस्त झालेला ब्रिज एक संशोधक "अपयशी" मोजतो, दुसरा "टिकलेला". हिशोबात या मुलीचा ब्रिज कुठे बसतो हे मला स्वतःलाच ठरवता येत नाही.

कोणाला मी तो देत नाही, तेही सांगतो. रात्री दात खाणारे. शेजारच्या दातांच्या मागे मोठी फिलिंग असलेले, कारण मग चिकटायला एनॅमलच उरत नाही. ज्यांच्या तोंडात रबर डॅम बसू शकत नाही असे. आणि ब्रशला हात न लावणारे. मागच्या दातांत, जिथे चावण्याचा जोर जास्त आणि आतली जागा कमी, तिथे मी हात आखडता घेतो. तिथे तंतू हिरडीकडच्या बाजूला, ताणाच्या अंगाला घालावे लागतात आणि जोडाची उंची चांगली हवी. ते जमत नसेल तर नको.

सध्या

मुलगी आता एकोणीस वर्षांची. दर वर्षी एकाच कोनातून फोटो आणि एक्स-रे काढतो. मागे सोडलेलं मूळ एक्स-रेमध्ये जवळजवळ ओळखू येत नाही, हाडाची रुंदी टिकून आहे. टांगलेला दात शेजाऱ्यांच्या रांगेत आहे, आणि हे मुद्दाम सांगतो: तो शेजाऱ्यांना चिकटलेला असल्यामुळे ते जेवढे उतरले तेवढा तोही उतरला. इम्प्लांटने हे केलं नसतं.

उतरताना मात्र वर हिरडीकडे फट पडली. मागच्या खेपेला ती म्हणाली, "स बोलताना हवा जाते." दात अर्धा मिलिमीटर कमी पडत होता. हिरडीकडच्या टोकाला थोडं कॉम्पोझिट लावून घासलं, पॉलिश केलं, खालून दोरा फिरतो का पाहिलं. १२ कडच्या नव्या पंखावर निळा कागद ठेवला, उजवीकडे सरकवायला लावलं. खूण पंखावर, हलकी.

जाताना तिने विचारलं, "मग इम्प्लांट कधी?" दोन वर्षांच्या फोटोंत फरक दिसेनासा झाला की तो विषय काढू, असं ठरलं. या वर्षीच्या फोटोत अजून थोडा फरक आहे.